पिस्तूल नेमबाजीतील अचूकता

पिस्तूल नेमबाजीतील अचूकता : ठरावीक अंतरावरील लक्ष्याच्या मध्याजवळ एकामागून एक गोळी बसवण्याचे कौशल्य आणि ते वाढवण्याच्या पद्धती. ऑलिंपिकमधील सर्व पिस्तूल प्रकारांत शस्त्र एकाच हाताने धरावे लागते. हात कशावरही टेकवता येत नाही, मनगटाला आधाराचा पट्टा चालत नाही आणि दुर्बीणही लावता येत नाही. या नोंदीत मुख्यतः १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार विचारात घेतला आहे. भारतातील बहुतेक नवे पिस्तूल नेमबाज याच प्रकारापासून सुरुवात करतात आणि इथे पक्क्या झालेल्या सवयी पुढे २५ मीटरच्या प्रकारांतही उपयोगी पडतात.

लक्ष्य आणि गुण : एअर पिस्तुलाचे लक्ष्य १७ सेंमी चौरस असते आणि त्याचा मध्य जमिनीपासून १.४० मी. उंचीवर असतो. मधला काळा भाग ५९.५ मिमी व्यासाचा, तर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिमीचे. छर्रा ४.५ मिमीचा असतो आणि तो वर्तुळाच्या रेषेला नुसता स्पर्शला तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे छर्‍याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा गुण मिळतात आणि त्यापुढच्या प्रत्येक ८ मिमीला एक गुण कमी होतो. पात्रता फेरीत इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटांत ६० शॉट घ्यायचे असतात. स्त्रियांना पूर्वी ४० शॉट असत. २०१८पासून त्यांनाही ६० झाले. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात.

दशांश गुण म्हणजे नेमके किती अंतर, हे पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली दिसले. भारताच्या मनू भाकरने एअर पिस्तूलच्या अंतिम फेरीत २२ शॉटमध्ये २२१.७ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. तिच्या पुढे असलेली कोरियाची किम येजी त्या वेळी फक्त ०.१ गुणाने वर होती. लक्ष्यावर हे अंतर एका मिलिमीटरहूनही कमी भरते. मनूची सरासरी प्रति शॉट सुमारे १०.०८ येते. ऑलिंपिक पदकालाही प्रत्येक छर्रा ठिपक्यावर बसावा लागत नाही, ही गोष्ट शिकणार्‍याने पहिल्याच दिवशी ऐकली पाहिजे.

माशी आणि खाच : पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरील उभ्या पट्टीला माशी म्हणतात, मागे चौकोनी खाच असते. माशीचा माथा खाचेच्या माथ्याच्या रेषेत आणि दोन्ही बाजूंना सारखा उजेड, हे चित्र म्हणजे अचूकतेचा पाया. सगळ्या अचूकतेचे मर्म दोन प्रकारच्या चुकांमधल्या फरकात आहे. माशी खाचेत नीट बसलेली ठेवून ते संपूर्ण चित्र लक्ष्यावर ५ मिमी सरकले, तर छर्राही साधारण तेवढाच सरकतो आणि गुण दहाच राहतात. पण माशी खाचेच्या मधून बाजूला सरकली, तर चूक कोनाची होते आणि अंतराबरोबर वाढत जाते. माशी आणि खाच यांच्यामध्ये ३२ सेंमी अंतर धरले, तर माशी १ मिमी सरकताच १० मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिमी बाहेर जातो, म्हणजे गुण थेट सातवर येतात. माशी पाव मिलिमीटर हलली तरी दहाच्या वर्तुळाची सगळी सवलत संपते.

नवशिका नेमका याच्या उलट वागतो. त्याला हात हलताना दिसतो, म्हणून तो हात थांबवायच्या मागे लागतो. काळा गोल नीट दिसावा म्हणून नजर तिकडे रोखतो आणि माशी धूसर होते. एकाच हातात सुमारे किलोभर वजन पेलणारा हात कोणाचाच पुरता स्थिर राहत नाही, जगज्जेत्याचाही नाही. सरावाने हालचालीचा पट्टा लहान होतो, इतकेच. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. तेव्हा स्पष्ट दिसायला हवी ती माशी. लक्ष्य धूसर राहू द्यावे. अनेक नेमबाज याच कारणाने काळ्या गोलाच्या मध्यावर नेम धरतच नाहीत. गोलाच्या खाली पांढर्‍या भागात माशी धरतात आणि छर्रा मध्यावर लागेल अशी खाच जुळवून ठेवतात. काळ्यावर काळी माशी हरवते, पांढर्‍यावर तिची कड ठसठशीत उमटते. दुसरा डोळा मिटल्याने चेहर्‍याचे स्नायू आखडतात, म्हणून त्यावर छोटी पट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवणे बरे.

ट्रिगर : एअर पिस्तुलाच्या ट्रिगरची ओढ किमान ५०० ग्रॅम असावी लागते. बहुतेक पिस्तुलांत ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा हात लक्ष्यावर उतरतानाच घ्यावा. दुसर्‍या टप्प्यावर दाब सावकाश, न थांबता आणि थेट मागच्या दिशेने वाढवावा. तर्जनीचे पहिले पेर तेवढे हलावे, बाकी मूठ जशीच्या तशी राहावी. माशी मध्यावर आलेली दिसली की ‘आत्ताच!’ म्हणून बोट आवळणे ही सर्वांत महागडी चूक होय. त्यात सगळी मूठच आवळली जाते आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे खाली डावीकडे जाऊ लागतात. ही चूक कागदावर शोधण्यापेक्षा छर्रा न भरता पाहावी. टक् आवाजाच्या क्षणी माशीकडे टक लावल्यास ती खाली-डावीकडे बुडी मारताना स्पष्ट दिसते. दाब सरळ गेला असेल तर टक् होऊनही माशी खाचेतून जराही ढळत नाही. छर्रा साधारण सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने निघतो, पण ट्रिगर सुटल्यापासून तो नळीबाहेर पडेपर्यंतचा क्षण नेम बिघडवायला पुरेसा असतो. त्यामुळे शॉट सुटल्यावरही एक-दोन सेकंद तेच चित्र धरून ठेवतात. नेमबाज याला फॉलो थ्रू म्हणतात.

उभे राहणे आणि मूठ : पावले खांद्यांइतक्या अंतरावर, वजन दोन्ही पायांवर सारखे आणि मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला असावा. पवित्रा बरोबर आहे का, हे तपासायची जुनी रीत उत्तम आहे. डोळे मिटून हात वर न्यायचा, क्षणभर स्थिरावू द्यायचा आणि डोळे उघडायचे. माशी लक्ष्याच्या बाजूला दिसली तर मनगट वळवून ती आणू नये. मागचे पाऊल थोडे सरकवून पुन्हा तपासावे. मनगटाने केलेली दुरुस्ती दहाव्या शॉटपर्यंत टिकते, चाळिसाव्यापर्यंत टिकत नाही. मनगट ताठ, पिस्तूल तळव्यात शक्य तितके वर आणि अंगठ्याचा दाब जवळजवळ नाहीच, असे असावे. मूठ किती घट्ट, यापेक्षा प्रत्येक शॉटला ती तेवढीच घट्ट आहे का, याला महत्त्व आहे. लाकडी ग्रिप हाताच्या मापाने घासून घेण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

श्वास आणि वेळ : हात लक्ष्याच्या वर नेऊन सावकाश खाली आणतात, श्वास अर्धवट सोडून थांबवतात आणि पुढच्या काही सेकंदांत शॉट सुटतो. आठ-दहा सेकंद उलटूनही तो सुटला नाही, तर डोळ्याला आधीचे चित्रच दिसत राहते, हात थकतो आणि मन अधीर होते. अशा वेळी पिस्तूल खाली ठेवून पुन्हा सुरुवात करावी. शॉट सोडून देण्याचे हे धैर्य फार कमी नवशिक्यांकडे असते. प्रशिक्षकांनी चांगल्या शॉटइतकेच त्याचेही कौतुक करायला हवे.

खाच जुळवणे : एका छर्‍यावरून खाचेचे स्क्रू फिरवू नयेत. पाच-दहा छर्‍यांचा गट बघावा. गट लहान आणि एका बाजूला असेल तर खाच जुळवावी. गट विखुरलेला असेल तर दोष हातात आहे, स्क्रूला हात लावू नये.

सराव : छर्रा न भरता केलेला सराव हा या खेळाचा कणा आहे. आजच्या एअर पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोयच असते, त्यामुळे घरी भिंतीसमोर उभे राहूनही तो करता येतो, अर्थात पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दोनदा करून. कोर्‍या पांढर्‍या भिंतीवर लक्ष्यच नसल्याने नजर आपोआप माशीवर राहते. पहिले काही आठवडे कागदाऐवजी भिंत दाखवणारा प्रशिक्षक लाभला तर शिकणार्‍याचे भाग्य म्हणावे. मोठ्या केंद्रांत स्कॅटसारखी उपकरणे नळीला लावून नेमाचा माग पडद्यावर रेषेने दाखवतात. ट्रिगर दाबण्याच्या शेवटच्या क्षणी ती रेषा कुठे वळते, यावरून चूक लगेच पकडता येते.

मनाचा भाग : नाडीच्या ठोक्यानेही माशी हलते. ठोके आणि थरथर कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधे नेमबाजीत स्पर्धेच्या काळात आणि एरवीही प्रतिबंधित आहेत. टिकाऊ उपाय म्हणजे प्रत्येक शॉटचा एकच ठरावीक क्रम. तो पाळला की एका वाईट शॉटनंतरही सावरता येते. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली ५० मीटर पिस्तूलच्या अंतिम फेरीत कोरियाच्या जिन जोंग-ओने एका शॉटला ६.६ गुण मिळवले. तरीही तो मागून पुढे आला आणि त्याने सुवर्णपदक जिंकले. सलग तिसर्‍या ऑलिंपिकमधले त्या प्रकारातले त्याचे हे सुवर्ण होते.

२५ मीटर प्रकार : स्त्रियांच्या २५ मीटर पिस्तूलमध्ये ५.६ मिमीची गोळी, किमान १,००० ग्रॅमचा ट्रिगर आणि एक जलद टप्पा असतो. त्यात हात ४५ अंशांत खाली धरून थांबायचे आणि इशारा मिळाल्यावर तीन सेकंदांत एक शॉट सोडायचा. मग सात सेकंद थांबून पुन्हा तेच. इथे चित्र सावकाश जुळवायला सवड नसते, म्हणून हात वर येतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेतला जातो आणि माशी लक्ष्याच्या उंचीवर पोहोचेपर्यंत नजर तिच्यावर पोहोचलेली असते. भारताच्या पिस्तूल नेमबाजांपैकी विश्वचषकात पहिले सुवर्ण मिळवणारी कोल्हापूरची राही सरनोबत याच प्रकारातली. ते सुवर्ण तिने २०१३ साली चांगवॉनला जिंकले. जकार्ता-पालेमबांगच्या २०१८च्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत थायलंडच्या स्पर्धकाशी तिची बरोबरी झाली आणि दोन शूट-ऑफनंतर तिने सुवर्ण घेतले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली.