होडीवरची शिरोरेघ

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1935 साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. पवईच्या आयआयटीत 1969 साली आयडीसी, म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर. र. कृ. जोशी जे. जे.त शिकले, पुढे आयडीसीत शिकवत, आणि मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फाँट त्यांनीच घडवला. देवनागरी संगणकावर नीट बसली, त्यामागे या माणसाचा मोठा वाटा आहे, हे मी आदराने सांगते.

माझं शिक्षण त्याच परंपरेतलं. आधी बोरू. देवनागरीसाठी त्याचा काप रोमनच्या उलट तिरका. तो चुकला की जाड-बारीकाचा सगळा तोल जातो. मग प्रोजेक्ट आला: गावातली अक्षरं अभ्यासा. मी आमच्या मुरबे गावच्या होड्यांवरची नावं निवडली. नाळेकडे फळी वर वळते, म्हणून रंगारी शिरोरेघ फळीबरोबर वळवतो, काने मात्र उभेच ठेवतो. ‘एकवीरा’ या होडीच्या नावातला अरुंद ‘र’ दोन कान्यांमध्ये एकटा पडतो. रंगारी त्याची शेपटी लांबवून ती पोकळी भरतो. छापखान्यातल्या खिळ्याच्या ठरल्या चौकटीत ही मोकळीक नव्हती, संगणकावरच्या फाँटमध्ये ती आहे. म्हणून वर्गात मी त्या ‘र’चे दोन आकार केले, एक एरवीचा, दुसरा खास कान्यांमधला.

गावात आता होड्यांवर रंगवलेल्या अक्षरांऐवजी कापलेले स्टिकर येऊ लागलेत. रंगाऱ्यांची अक्षरं फोटो काढून जपणं मला फार निकडीचं वाटतं.