वेगमर्यादेचा आकडा येतो कुठून? जालन्याच्या तीन रस्त्यांची गोष्ट

आजचा विषय वेगमर्यादा आहे, हे कळल्यावर एका मित्राने मला विचारलं, "यात इतिहास कसला? पाटीवर आकडा असतो, आपण तो पाळत नाही. संपला विषय." मंडळी, हसू नका, आपणही त्यातलेच आहोत. पण तो आकडा पाटीवर आला कसा, आणि ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी कोण होतं, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आज तेवढंच बघायचंय.

उदाहरण आपल्या जालना जिल्ह्याचं घेऊ, कारण इथे तिन्ही प्रकारचे रस्ते सापडतात. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. जिल्ह्यातली त्याची लांबी सुमारे ४२ किलोमीटर. अंबड तालुक्यात वडीगोद्री, शहागडवरून धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग जातो. तो चौपदरी आहे, मध्ये दुभाजक आहे. आणि तिसरा आपला रोजचा, जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाणारा. केंद्र सरकारने ६ एप्रिल २०१८ ला वेगमर्यादांचा जो तक्ता काढला, त्यात कारसाठी द्रुतगती महामार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० असे आकडे आहेत. एक जिल्हा, एक गाडी, एकच चालक, आणि आकडे तीन. का?

थोडं मागे जाऊ. १८६५ मध्ये इंग्लंडने वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरच्या इंजिनांसाठी कायदा केला. गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल, आणि गाडीपुढे लाल निशाण घेऊन चालणारा एक माणूस. ताशी ४ मैल म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. आज आपल्याला ते विनोदी वाटतं. पण त्या कायद्याचं गृहीतक बघा: रस्ता चालणाऱ्यांचा आणि घोड्यांचा आहे, यंत्र हा पाहुणा आहे. पाहुण्याने घरच्यांच्या चालीने चालायचं.

१८९६ मध्ये ही मर्यादा १४ मैलांवर गेली, १९०३ मध्ये २० मैलांवर. १९३० मध्ये तर मोटारींची मर्यादा काढूनच टाकली. शहाणा चालक आपला वेग आपणच ठरवेल, असा विश्वास. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. आजच्या तुलनेत तेव्हा मोटारी किती थोड्या होत्या, हे लक्षात घ्या. मग मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ३० मैलांची मर्यादा आली. चार-पाच वर्षांत विश्वास संपला.

आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा, पुढे १९३९ चा, आणि सध्याचा १९८८ चा. जालना त्या काळी निजामाच्या हैदराबाद राज्यात. इथे १९०० साली मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे आली, १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने बसगाड्या सुरू केल्या. तोवर जालन्याच्या बाजारपेठेतला माल बैलगाडीने हलत होता, आणि बैलगाडीला वेगमर्यादेची गरज नसते. बैलच ती ठरवतो.

आता, आकडा ठरवायचे मार्ग किती? ढोबळमानाने चार.

पहिला मार्ग संकटाचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली. हेतू पेट्रोल वाचवण्याचा होता. पण एका वर्षात रस्त्यावरचे मृत्यू सुमारे ५४ हजारांवरून ४५ हजारांवर आले. त्यात लोकांनी गाड्याच कमी चालवल्या याचाही वाटा होता, हे सांगायला हवं. तरी जीव वाचवण्यासाठी न केलेल्या नियमाने जीव वाचवले. १९९५ मध्ये तो नियम रद्द झाला.

दुसरा मार्ग चालकांना विचारण्याचा. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर गाड्यांचे वेग मोजायचे आणि १०० पैकी ८५ गाड्या ज्याच्या आत असतात तो वेग मर्यादा म्हणून धरायचा. अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांची ही रीत. तर्क असा की बहुतेक माणसं शहाणी असतात. पण गंमत बघा, या मतदानात मत फक्त गाडीत बसलेल्यांना आहे. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचं मत कोण मोजणार?

तिसरा मार्ग रस्त्याला विचारण्याचा. वळण किती, चढ किती, समोरचं किती लांबून दिसतं. यातला कळीचा हिशोब थांबण्याच्या अंतराचा. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांत चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात. १२० च्या वेगाने गाडी तेवढ्यात ८३ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. पूर्ण थांबायला ८० च्या वेगाला १२० मीटर, १०० ला १८० मीटर आणि १२० ला २५० मीटर धरतात. म्हणजे क्रिकेटच्या बारा खेळपट्ट्या एकापुढे एक. आणि रात्री डिपरचा उजेड पडतो पन्नास-साठ मीटर. तुम्हीच बेरीज-वजाबाकी करा.

चौथा मार्ग सर्वांत उशिरा सुचला. तो म्हणजे माणसाच्या शरीराला विचारण्याचा. स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत ठरवलं की रस्त्यावर मृत्यू हा हिशोबात धरायचाच नाही. मग त्यांनी उलटं गणित केलं. पायी माणूस आणि गाडी एकत्र असतील तिथे ३०, कारण त्यापुढे धडकेत माणूस वाचणं अवघड. चौकात बाजूने धडक होऊ शकते तिथे ५०. दुभाजक नाही, समोरासमोर धडक होऊ शकते तिथे ७०. आणि यातलं काहीच शक्य नाही, तिथे १०० किंवा पुढे.

या गणितात खरी गोष्ट उघडी पडते. वेगमर्यादेचा प्रत्येक आकडा म्हणजे रस्त्यावर कोण *नसेल*, याबद्दलचं एक गृहीतक आहे. १२० म्हणजे: इथे पायी कोणी नसेल, आडवं कोणी येणार नाही, उलट्या दिशेने कोणी येणार नाही, मध्ये कोणी थांबलेलं नसेल. गृहीतक खरं असेल तोवर आकडा शहाणा. गृहीतक मोडलं की तोच आकडा वेडा.

हे डोक्यात ठेवून आपल्या तीन रस्त्यांवर परत येऊ.

समृद्धीची आखणी सपाट भागात ताशी १५० किलोमीटरच्या वेगासाठी झाली. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. लोक विचारतात, रस्ता १५० चा तर मर्यादा १२० का? कारण आखणीचा वेग ही रस्त्याची क्षमता आहे. मर्यादेत गाडीची आणि माणसाचीही क्षमता धरावी लागते. आपल्या टायरच्या कडेला एक इंग्रजी अक्षर असतं, ते बघा कधीतरी. एस असेल तर तो टायर १८० पर्यंतचा, टी असेल तर १९० पर्यंतचा, पण हे नव्या, नीट हवा भरलेल्या टायरचं. घासलेल्या टायरवर ते अक्षर तसंच राहतं, टायर तसा राहत नाही. आणि वेग १०० वरून १२० झाला, की धडकेची ऊर्जा दीडपटीच्या जवळ जाते. बदल्यात मिळतं काय? जिल्ह्यातले ४२ किलोमीटर १०० ने गेलात तर २५ मिनिटं, १२० ने गेलात तर २१. चार मिनिटं.

पण समृद्धीवरचे जे अपघात आपल्याला आठवतात, ते बघा. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस दुभाजकावर आदळून पेटली, २५ जण गेले. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात अतिवेग हे कारण नव्हतं. एकसुरी सरळ रस्ता, रात्र आणि डुलकी यांच्यापुढे पाटीवरचा आकडा काय करणार? जून २०२४ मध्ये आपल्या कडवंचीजवळ दोन कार समोरासमोर धडकल्या, ७ जण गेले. कडवंची, जे गाव आपण पाणलोटासाठी आणि द्राक्षांसाठी कौतुकाने सांगतो. त्यातली एक कार इंधन भरून उलट्या दिशेने आली होती. "उलट कोणी येणार नाही" हे १२० चं गृहीतक तिथे मोडलं. अशा धडकेत दोघांचे वेग एकमेकांवर चालून येतात, आणि मर्यादा पाळणाराही मरतो.

याचा अर्थ मर्यादा निरर्थक आहे असा नाही. देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली. त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू सरकारी नोंदीत अतिवेगाच्या रकान्यात आहेत. त्या रकान्याबद्दल एक शंका मात्र ठेवा. पंचनामा करणाऱ्याने गाडीचा वेग मोजलेला नसतो. रस्त्याचा दोष, झोप, अंधार असं सगळं पुष्कळदा त्या एका शब्दात मावतं. दोष एकट्या चालकाचा ठरला, की रस्ता सुटतो.

आता शहागडचा रस्ता. कारला १००, ट्रकला ८०. पण दुभाजक फोडून केलेली वाट, फाट्यावर उभी माणसं, आणि गाळपाच्या दिवसांत अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या, त्याही बिनदिव्याच्या. १०० आणि ताशी ४ एकाच पट्ट्यात. त्या तक्त्यात बैलगाडीचा रकानाच नाही.

आणि तिसरा, भोकरदनचा. कारला ७०. स्वीडनचा समोरासमोर धडकेचा आकडाही ७० च आहे, म्हणजे वरवर शास्त्रशुद्ध. पण स्वीडनचा ७० जिथे माणूस नाही तिथला. आपला ७० शाळेसमोर, बाजाराच्या दिवशी, गावाच्या पोटातून. म्हणून माझं म्हणणं असं की, वाद आपण भलत्याच आकड्यावर घालतो. समृद्धीवर १२० की १५०, यावर टीव्हीवर चर्चा होते. ७० वर कधी ऐकलीत?

२०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने केंद्राचा तो २०१८ चा तक्ता रद्द ठरवला. सरकारचं म्हणणं होतं, इंजिनं सुधारली, रस्ते सुधारले. न्यायालयाचा मुद्दा सोपा होता: माणसं सुधारली का? पण मंडळी, आपल्याला दिल्ली-मद्रासची वाट बघायची गरज नाही. १९८८ च्या कायद्याचं कलम ११२ राज्याला अधिकार देतं, की सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे एखाद्या रस्त्यावर वेगळी मर्यादा लावावी. समृद्धीवर राज्याने स्वतःची अधिसूचना काढलीच ना? मग गावातून जाणाऱ्या दोन किलोमीटरसाठी ३० किंवा ४० का नाही? ग्रामपंचायतीने ठराव करून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवायला कोणाची आडकाठी आहे? फक्त पाटी लावून भागत नाही, हेही खरं. रस्ता रुंद, सरळ ठेवून ३० ची पाटी लावली तर तिला कोणी विचारत नाही. रस्त्यानेच सांगायला हवं, की आता गाव आलं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरला लाखो लोक पायी निघतात. पंचवीसेक किलोमीटर. त्या रात्री पोलीस वाहतूक वळवतात, आणि त्या रस्त्याची मर्यादा ताशी ४ किलोमीटर होते. पाटी नाही, अधिसूचनेची आठवण कोणाला नाही, आणि कुरकुरही कोणी करत नाही. कारण रस्त्यावर कोण आहे, हे त्या रात्री सगळ्यांना दिसत असतं. उरलेल्या दिवशीही ती माणसं तिथेच असतात. संख्येने थोडी असतात, एवढंच.

आता प्रश्न विचारा.