आगीचा बंब : कॉटन ग्रीनचा कापूस, ६६ जवानांचं बलिदान आणि खेळण्यातली लाल गाडी

मुंबईत हार्बर लाईनवर रे रोड आणि शिवडीच्या मध्ये कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. नावात ‘कॉटन’ म्हणजे कापूस आणि ‘ग्रीन’ म्हणजे मोकळं मैदान. एके काळी फोर्टातल्या मैदानावर कापसाच्या गाठींचे ढीग पडायचे. आगीची भीती आणि गर्दी यामुळे हा बाजार आधी कुलाब्याला गेला. पुढे १९२० च्या दशकात तो शिवडीजवळच्या भराव टाकलेल्या जमिनीवर आला, नाव मात्र तेच राहिलं. विदर्भ-खानदेशातला कापूस रेल्वेने मुंबईच्या याच बाजारात यायचा. कापूस आला की आगीचा धोका आला, आणि धोका आला की बंब आला.

बंब म्हणजे नेमकं काय?

गावाकडे बंब म्हटलं की आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवतो. आगीचा बंब म्हणजे टाकी, पंप, पाईप आणि माणसं एकत्र घेऊन पळणारी गाडी. तालुक्याच्या ठिकाणी दिसणाऱ्या गाडीत साधारण ४,५०० ते ५,००० लिटर पाणी मावतं. गाडीचं इंजिनच पंप फिरवतं. म्हणून गाडी उभी असली तरी इंजिन घरघरत असतं.

हे पाणी किती वेळ पुरतं? एका नोझलमधून मिनिटाला ४५० लिटर पाणी सोडलं तर ४,५०० लिटरची टाकी १० मिनिटांत रिकामी. दोन नोझल लावले तर ५ मिनिटांत. ‘बंब आला आणि पाणी संपलं’ अशी ओरड गावोगावी होते, त्याचं कारण हे आहे. टाकीतलं पाणी फक्त सुरुवातीला कामी येतं, पुढचं पाणी गावातूनच मिळावं लागतं.

शहरात गाड्यांचे प्रकार जास्त. तेलाच्या आगीसाठी फेस मारणारी फोम गाडी, उंच इमारतींसाठी शिडीची गाडी, निव्वळ पाणी पुरवणारा टँकर. मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटर उंच जाणारी शिडीची गाडीही आहे.

घोड्यांपासून मोटारीपर्यंत

मुंबईत आग विझवण्याचं काम आधी पोलिसांकडे होतं. १८८७ मध्ये ते महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे आलं. तेव्हा बंब घोडे ओढायचे आणि पंप वाफेवर चालायचा. १९०७ मध्ये दलात मोटारीचा बंब आला. दलाचं मुख्यालय भायखळ्याला आहे.

१४ एप्रिल १९४४

कॉटन ग्रीनच्या दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर व्हिक्टोरिया गोदी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज १२ एप्रिल १९४४ ला तिथे लागलं. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. वाटेत कराचीला त्यावर कापसाच्या हजारो गाठीही चढवल्या होत्या. धोक्याचा माल असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायची रीत होती. या जहाजावर तो नव्हता.

१४ तारखेला दुपारी जहाजातून धूर दिसला. अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या, पाईप जोडले गेले, जहाजात शेकडो टन पाणी ओतलं गेलं. पण आग हाती लागली नाही. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पेटते कापसाचे गठ्ठे उडून आसपासच्या गोदामांवर आणि वस्त्यांवर पडले. शेकडो माणसं मेली. त्यात पाईप हातात धरून उभे असलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो आणि १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो.

कापूस विझता विझत का नाही?

दाबून बांधलेल्या गाठीत पाणी आतपर्यंत शिरत नाही. वरून विझल्यासारखी वाटते, पण आत धुमसत राहते. तंतूंमध्ये अडकलेल्या हवेवर ही धग तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस टिकते. म्हणून जिनिंगमध्ये आग लागली की जळकी गाठ बाजूला ओढून, फोडून भिजवावी लागते.

घरात भाव वाढायची वाट बघत ठेवलेल्या कापसाचंही तसंच. वरची ज्वाला गेली म्हणजे आग गेली असं समजू नये. ढीग उकरून, पसरून बघावा. कापसाच्या खोलीत उघडी वायर, चूल, बिडी यातलं काहीही नको.

खेळण्यातला बंब

जत्रेतून पोरांनी आणलेल्या गाड्यांत लाल बंब हमखास असतो. जगभर मोठी माणसंही ही छोटी मॉडेलं जमवतात. इंग्लंडच्या ‘मॅचबॉक्स’ने १९५५ मध्ये डेनिस कंपनीच्या बंबाचं काडेपेटीत मावेल एवढं मॉडेल काढलं. १९६० मध्ये घोड्यांच्या वाफेच्या बंबाचंही काढलं. त्यांचा मूळ डबा सोबत असेल तर किंमत जास्त येते. मॉडेलवर १:६४ लिहिलं असेल तर खरी गाडी त्याच्या ६४ पट लांब. म्हणजे ८ मीटरची गाडी साडेबारा सेंटीमीटरची होते.

खेळण्यात शिडी सगळ्यांत ठळक असते. गावात मात्र शिडीपेक्षा टाकी, पंप आणि पाण्यापर्यंतची वाट महत्त्वाची.

गावाने आधीच काय करून ठेवावं?

• आग दिसली की आधी १०१ किंवा ११२ वर फोन. गाव, वाडी, जवळची खूण आणि काय जळतंय ते सांगा. गॅस सिलिंडर, डिझेल किंवा फवारणीची औषधं आत असतील तर तेही सांगा. १९४४ मध्ये नेमकी हीच माहिती वेळेवर मिळाली नाही.

• बंब विहीर-तळ्यातून पाणी ओढू शकतो, पण पाण्याची पातळी पंपापासून साधारण ७ मीटर, म्हणजे २२-२३ फुटांच्या आत हवी. अशी विहीर, शेततळं कुठे आहे आणि गाडी तिथपर्यंत जाते का, हे ग्रामपंचायतीत लिहून ठेवा.

• बंब अडीच मीटर रुंद आणि भरल्यावर १२ टनांच्या पुढे जातो. गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी, ट्रॅक्टर, मांडव ठेवू नका. लोंबणाऱ्या वायरी वर बांधून घ्या.

• वीज बंद झाल्याशिवाय पाणी मारू नका.

• एक माणूस फाट्यावर उभा करा. रात्री असेल तर हातात बॅटरी द्या. अनोळखी रस्त्यावर चुकलेला बंब १५ मिनिटं उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्यात कडब्याची गंजी संपते.