धाव, वर्गणी आणि अखेरची शुश्रूषा : आटपाडीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

मॅरेथॉनमध्ये धावून हॉस्पिससाठी निधी उभारणे ही कल्पना आपल्याकडे अलीकडची आणि शहरी समजली जाते. हॉस्पिस म्हणजे ज्यांचा आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, अशा रुग्णांची वेदना कमी करून अखेरपर्यंत त्यांचा सांभाळ करणारे शुश्रूषागृह. प्रस्तुत लेखात धावणे आणि ही शुश्रूषा यांचा महाराष्ट्रातील संबंध इतिहासाच्या आधारे तपासला असून, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्याला त्यातून काय घेता येईल याचा विचार केला आहे.

हे दोन्ही धागे सर दोराबजी टाटा यांच्यापाशी एकत्र येतात, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावताना त्यांनी पाहिले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी संघ पाठविण्यात पुढाकार घेतला. त्या संघातील बेळगाव भागाचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, तर पुढच्याच वर्षी दोराबजींचेही निधन झाले. त्यांच्या विश्वस्त निधीतून १९४१ मध्ये मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. याच रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्रे येथे ‘शांती आवेदना’ हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू केले. रुग्णालयाने ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर रुग्णाने जायचे कोठे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्ला संस्थेचे केंद्र निघाले. दोन्हीकडे सेवा विनामूल्य दिली जाते; साहजिकच दात्यांवाचून ती चालत नाही.

त्या काळात वर्गणी गोळा होई ती खेळाडूसाठी. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जाता यावे म्हणून लोकांनी पैसे जमविले, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवले. हा क्रम उलटला तो कॅनडात. कर्करोगामुळे एक पाय गमावलेल्या टेरी फॉक्सने १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. कर्करोग संशोधनासाठी देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर मिळावा, एवढेच त्याचे मागणे होते. ते पुरे झाले. २८ जून १९८१ रोजी तो वारला. समाजाने धावपटूसाठी वर्गणी देण्याऐवजी धावपटूच समाजासाठी वर्गणी मागू लागला. १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मुंबई मॅरेथॉन झाली आणि ही पद्धत महाराष्ट्रात रुजली.

या मॅरेथॉनच्या इतिहासात माणदेशाचे नाव आहे, पण ते निराळ्या रकान्यात. आटपाडीशेजारच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला. दुष्काळी भागातील धावपटूला बक्षिसाची रक्कम आणि खेळामुळे मिळणारी नोकरी हाच आधार असतो. दुसऱ्यासाठी निधी मागण्याची चैन त्याला परवडत नाही. दुसरे असे की, निधिदौडीतील पैसा धावणाऱ्याच्या ओळखीच्या वाटेने येतो. ज्याच्या ओळखीत पगारदार आणि कारखानदार आहेत त्याच्या संस्थेला तो मिळतो. गरज कोठे अधिक आहे, हे ती वाट पाहत नाही. या पद्धतीतील हा दोष मला गंभीर वाटतो.

केरळमध्ये वेगळा मार्ग निघाला. १९९३ मध्ये कोळिकोड येथे सुरू झालेल्या कामातून पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावचे गट उभे राहिले. लोक दरमहा थोडीथोडी रक्कम देतात आणि त्यातून परिचारिका रुग्णाच्या घरी जाते. सातारा-सांगलीच्या माणसाला हे ऐकून कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवावा. मूठमूठ धान्यावर ज्या मुलखात वसतिगृहे चालली, तेथे ही रीत परकी नाही.

आटपाडीपुरते बोलायचे तर येथे मोठ्या इमारतीपेक्षा खरसुंडी, दिघंचीपासून वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचणारी परिचारिका आणि तिच्यासाठी वाहन यांची निकड अधिक आहे. मिरज किंवा मुंबईहून परतलेल्या रुग्णाला शेवटचे आठवडे घरीच काढावे लागतात. मॉर्फिन मिळविण्याची परवाना-पद्धत २०१४ च्या कायदादुरुस्तीने सुलभ झाली असली, तरी ते लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर लागतोच. खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ पेठांत विखुरले आहेत. ओळखीची वाट आटपाडीलाही आहे ती ही. आटपाडी-दिघंची रस्त्यावर गावच्याच मुलामुलींनी धावावे आणि प्रत्येक किलोमीटरमागे या मंडळींनी एकदाच्या देणगीऐवजी वर्षभराची मासिक वर्गणी कबूल करावी, असा प्रयोग महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेला करून पाहता येईल. त्याआधी तालुक्यात अंथरुणाला खिळलेले असे रुग्ण किती, याची गावनिहाय नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी लागेल.