हायर की लोअर? आठवीच्या दारातल्या एका यादीचा इतिहास

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने एकेक विषय घ्यायचा असे समितीने ठरवले, तेव्हा स्नेहसंमेलन, सहली, खो-खोचा संघ हे विषय भराभर संपले. मी म्हटले, 'मी गणितावर लिहिते.' व्हॉट्सॲपच्या आपल्या गटावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. साहजिकच आहे. मी 'लोअर'वाली. १९६५च्या जूनमध्ये आठवीच्या दोन तुकड्या पाडल्या गेल्या आणि माझे नाव ब तुकडीच्या यादीत आले, हे आपल्या १९६९च्या मॅट्रिकच्या मंडळींना अजून पाठ आहे.

आपल्यानंतरच्या तुकड्यांच्या वाचकांसाठी थोडे सांगते. त्या काळी आपल्या शाळेत सातवीपर्यंत सगळ्यांना एकच गणित होते. आठवीत वाट फुटायची. अ तुकडीला बीजगणित आणि भूमिती, ते 'हायर'. ब तुकडीला अंकगणित, म्हणजे शेकडेवारी, नफा-तोटा, सरळ व्याज, चक्रवाढ व्याज, भागीदारी, काळ-काम-वेग. ते 'लोअर'. ही इंग्रजी नावे कोणी दिली कोण जाणे, पण मधल्या सुट्टीत ती गल्लीतल्या टोपणनावांसारखी चिकटायची. हायरची मुले कंपासपेटी घेऊन यायची. आमच्याकडे ती नव्हती, कारण लागतच नव्हती.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांची अशी विभागणी करायची पद्धत आली कुठून, हे मी निवृत्तीनंतर थोडे वाचून पाहिले. मला वाटते, या दोन गणितांची घराणीच वेगळी होती.

एक घराणे पंतोजींच्या शाळेचे. तिथे पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी घोकून घेत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, त्यामुळे पाव-पाऊणाचा हिशोब तोंडी येणे ही रोजची गरज होती. वही-खाते, सावकारी, बाजार यांचे हे गणित. माझे वडील कापडाच्या दुकानात मुनीम होते. आठवड्याचा बाजार संपला की कंदिलाशी बसून ते व्याज तोंडी काढत, कागद फक्त खात्रीसाठी. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले, तेव्हा त्यांच्या निमकी-पाऊणकीचा निम्मा रुबाब गेला. तरीही रात्री झोपताना ते मला त्या म्हणायला लावत.

दुसरे घराणे इंग्रजी शाळेचे. १८२०च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत मराठीतून गणिताची पुस्तके तयार करवली, म्हणजे नवे गणित आपल्या भाषेत लवकरच आले होते. पण त्याला वजन आले ते परीक्षेमुळे. मुंबई विद्यापीठ १८५७ला स्थापन झाले, १८५९ला पहिली मॅट्रिक झाली. मॅट्रिकला अंकगणिताबरोबर बीजगणित आणि युक्लिडची भूमिती होती, आणि मॅट्रिक म्हणजे कॉलेजचे आणि सरकारी नोकरीचे दार. तेव्हापासून बीजगणित-भूमिती म्हणजे पुढे जाणाऱ्यांचे गणित आणि हिशोब म्हणजे इथेच राहणाऱ्यांचे, असे लोकांच्या मनात बसले. आपल्या अ आणि ब तुकड्यांच्या मागे ही शंभर वर्षे उभी होती.

स्वातंत्र्यानंतर या विभागणीला नवे कारण मिळाले. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३मध्ये सांगितले की सगळ्या मुलांना एकाच साच्यातून काढू नका, प्रत्येकाचा कल पाहून वेगळे अभ्यासक्रम द्या. मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान असे सात गट त्यांनी सुचवले. गणिताचा समावेश असलेले सामान्य विज्ञान सर्वांना होते, पण पहिली दोन वर्षेच. हेतू चांगला होता. मुलांचा कल ओळखण्यासाठी शाळांमध्ये मार्गदर्शनाची सोय असावी, असेही आयोगाने सांगितले होते. ती सोय तालुक्याच्या गावापर्यंत कधी आली नाही. विभागणी मात्र आली.

आता आपल्या यादीकडे येते. १९६५च्या अ तुकडीत चव्वेचाळीस नावे होती, त्यांत मुली चार: डॉक्टरांची एक, मामलेदारांची एक आणि आपल्याच शिक्षकांच्या दोन. मला सातवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात एकाहत्तर गुण होते. अ तुकडीत बावन्नवाला मुलगाही होता. तो हे वाचेल आणि हसेल, कारण त्यानेच मला ते सांगितले. मी यादी दोनदा वाचली आणि घरी गेले. वडिलांनी विचारले, 'काय शिकवणार?' मी म्हटले, 'व्याज.' ते म्हणाले, 'मग ते तर तुला येतं.' एवढ्यावर विषय संपला. शाळेत जाऊन कुणाला विचारावे, असे आमच्या घरात कुणाला सुचणेच शक्य नव्हते.

त्या वेळी बाहेर काय चालले होते, हे मला फार उशिरा कळले. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हा प्रश्न हंसाबेन मेहता यांच्या समितीकडे होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' याऐवजी 'सर्व माणसे' असे शब्द ज्यांच्या आग्रहाने आले, त्याच या हंसाबेन. त्यांच्या समितीचा अहवाल १९६४चा. मुलगी म्हणून वेगळा अभ्यासक्रम नको, हे त्याचे सार. म्हणजे मी यादीसमोर उभी होते तेव्हा तो अहवाल तयार होता.

त्याच सुमारास डॉ. दौलतसिंह कोठारी यांचा शिक्षण आयोग काम करत होता. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या कामात असलेले. खेड्यातली शाळा त्यांनी आतून पाहिली होती. १९६६च्या जूनमध्ये आयोगाने अहवाल दिला. पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, गृहविज्ञान मुलींवर लादू नये आणि मुलींना गणित-विज्ञानाकडे वळवण्यासाठी खास प्रयत्न करावेत, असे त्यात होते. तेव्हा आपण आठवी संपवून नववीत जात होतो. पुण्याचे आपले राज्य मंडळही त्याच वर्षी, १ जानेवारी १९६६ला, अस्तित्वात आले. आपल्या यादीपर्यंत यातले काही पोचले नाही. दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी हा नवा आकृतिबंध येऊन दहावीची पहिली परीक्षा झाली ती मार्च १९७५मध्ये. शाखा निवडायची ती दहावीनंतर, तोवर शिक्षण सर्वांना समान, ही त्यामागची कल्पना. आपल्या धाकट्या भावंडांना ती मिळाली. आपण सहा वर्षे आधी बाहेर पडलो होतो.

मॅट्रिकला मला अंकगणितात चांगले गुण मिळाले. विज्ञान शाखेची चौकशी केली, तर लिपिकाने गुणपत्रिका पाहून परत केली. बीजगणित-भूमिती नाही, मग विज्ञान नाही. मी कला शाखेत गेले, अर्थशास्त्र घेतले. आपण मॅट्रिक झालो त्याच वर्षी, १९ जुलै १९६९ला, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. पुढे गावोगावी शाखा निघाल्या आणि मला बँकेत नोकरी लागली. परीक्षेत अंकगणितच होते. मुनिमाच्या मुलीने ते सहज सोडवले. तीस वर्षांहून जास्त काळ मी लोकांच्या ठेवींचे व्याज काढले. लोअर गणिताने माझे घर चालवले, त्याला नावे ठेवायचा मला अधिकार नाही.

पण १९९१मध्ये माझी मुलगी आठवीत गेली आणि तिचे बीजगणिताचे पुस्तक मी चोरून वाचू लागले. त्यात वयाचे एक उदाहरण होते. वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे, वीस वर्षांनी ते दुप्पट होईल, तर आजची वये काढा. आम्हाला ब तुकडीत हे असे शिकवले होते: दोघांच्या वयातले अंतर कधी बदलत नाही. आज ते मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. वीस वर्षांनी ते मुलाच्या तेव्हाच्या वयाइतके असेल. म्हणजे या वीस वर्षांत मुलाचे वय तिप्पट झाले. म्हणून मुलगा दहा वर्षांचा, वडील चाळीस. मुलीने लिहिले: मुलाचे वय क्ष मानू, चार क्ष अधिक वीस बरोबर दोन क्ष अधिक चाळीस, म्हणून क्ष दहा. दोन ओळी. मी तिला माझी रीत सांगितली. ती म्हणाली, 'आई, हे तर तेच आहे, तू फक्त क्ष लिहीत नाहीस.' एकोणचाळीसाव्या वर्षी मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकले. एका भिंतीचे अंतर होते आणि मी चार वर्षे तिच्या या बाजूला बसून होते.

१९९४च्या आपल्या पंचवीस वर्षांच्या मेळाव्यात मी गणिताच्या सरांना गाठले. नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हटले, 'सर, एकाहत्तर गुण होते मला.' त्यांना आठवत नव्हते, पण त्यांनी टाळले नाही. म्हणाले, 'अगं, भूमिती शिकवणारा मी एकटा. एका वर्गात पंचेचाळीसच्या वर मुलं घेतली तर वह्या तपासून होत नसत. मॅट्रिकचा निकाल घसरला की संस्थेची मंडळी मलाच बोलावायची. ज्यांचे पालक येऊन सांगून जात, त्यांना नाही म्हणवत नसे. उरलेल्या जागा गुणांवर.' मी विचारले, 'आणि मुली?' ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मुलींना भूमिती कशाला, असं सगळेच म्हणत. मलाही तेव्हा ते चूक वाटलं नाही.'

माझ्या मनातला राग त्या एका वाक्याने बराच उतरला. सर गेल्याला आता बरीच वर्षे झाली.

त्यांनी आणखी एक सांगितले, तेही नोंदवते. अ तुकडीतला आपला एक मित्र वडिलांच्या हट्टापायी हायरला बसला होता. प्रमेये पाठ करून लिहायचा आणि आकृतीतली अक्षरे बदलली की अडायचा. मॅट्रिकला दोनदा गणितात राहिला आणि शिक्षण सोडले. 'त्याला मी ब तुकडीत पाठवायला हवं होतं आणि तुला अ मध्ये,' सर म्हणाले. 'पण ऑगस्टनंतर तुकडी बदलायची नाही असा आमचा नियम होता.' तो नियम कोणी केला, असे मी विचारले. 'मीच,' ते म्हणाले, 'हजेरीपत्रकात खाडाखोड नको म्हणून.'

हा वाद आपल्याबरोबर संपलेला नाही. मधल्या काळात राज्य मंडळाने बीजगणित-भूमितीला सामान्य गणिताचा पर्याय दिला आणि २०१७-१८पासून नववीला तो बंद केला. केंद्रीय मंडळाने २०२०च्या दहावीपासून 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' अशा दोन प्रश्नपत्रिका आणल्या. पण तिथे अभ्यासक्रम दोघांना एकच ठेवला, म्हणजे वर्गात भिंत नाही, निवड परीक्षेच्या अर्जावर. मला ही सुधारणा वाटते, कारण निदान सगळ्यांच्या कानांवर क्ष पडतो. तरीही कोणी 'बेसिक'वर खूण करायची, हे घरात आणि शिक्षकांच्या खोलीत कसे ठरते, ते आपल्या यादीवरून आपण ओळखू शकतो.

मुलाला झेपेल ते गणित द्यावे, यात वावगे काही नाही. आपल्या मित्राला ते न दिल्याने त्याचे नुकसान झाले. पण बाराव्या-तेराव्या वर्षी केलेली यादी निदान वर्षभर पेन्सिलने लिहिलेली असावी, आणि ती कशावरून केली हे मुलाच्या घरी, मग ते घर मुनिमाचे का असेना, कोणीतरी जाऊन सांगावे.

आपल्या निधीतून शाळेला काय द्यायचे यावर गटावर चर्चा चालू आहे. पाण्याची टाकी आणि संगणक यांना माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच की त्यातला काही भाग मे महिन्यातल्या गणिताच्या वर्गासाठी ठेवावा, सातवीतून आठवीत जाणाऱ्या आणि गणिताला घाबरणाऱ्या मुलांसाठी. फी नाही, निवड नाही, येईल त्याला बसू द्यायचे. आपल्यातले निवृत्त शिक्षक आणि इंजिनिअर आळीपाळीने आले तर चार आठवडे सहज निघतील. अंकगणिताचे तास मी घेईन. बीजगणिताच्या तासाला मात्र मी मागच्या बाकावर बसणार आहे.