डोक्यावर काय घालायचे, हे कोणी ठरवायचे?

टोपी परत आली आहे, असे सध्या फॅशनच्या पुरवण्यांमधून आणि मोबाईलच्या पडद्यावरून सांगितले जाते. बकेट हॅट, बेसबॉल कॅप, लोकरीची बीनी, फेडोरा. मुलगे घालतात, मुली घालतात, कॉलेजला जाताना घालतात आणि चहाच्या टपरीवरही घालतात. आपल्या वस्त्यांमधली मुलेमुली यात मागे नाहीत. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी निळ्या टोप्यांचे ढीग असतात, आणि ‘जयभीम’ लिहिलेली टोपी आता त्या एका दिवसापुरती राहिलेली नाही. ती लोकलमध्ये दिसते, क्रिकेटच्या मैदानावर दिसते, नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या पोराच्या बॅगेतही दिसते. मुलाखतीच्या आधी तो ती काढून बॅगेत का ठेवतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

या टोप्यांवरून आपल्यात दोन मते मी नेहमी ऐकतो. काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, “चळवळ सोडून पोरं टोप्यांच्या मागे लागलीत.” काही तरुण म्हणतात, “दादा, ही साधी फॅशन आहे, हिच्यात जात कशाला आणता?” मला दोन्ही मते मान्य नाहीत. जात आपण आणलेली नाही. ती तिथे आधीपासूनच होती, हे दाखवायला इतिहासाची थोडी पाने उलटावी लागतील.

आधी ‘परत आली’ या शब्दाचे बघू. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले रस्त्यांचे फोटो पाहा. गर्दीत बोडक्या डोक्याचा पुरुष शोधावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ही सवय मोडली. मोटारी आल्या, त्यांची छपरे बुटकी होती, तरुणांना बापाचा पोशाख नकोसा झाला. १९६१ मध्ये केनेडींनी अध्यक्षपदाचे पहिले भाषण बोडक्याने केले म्हणून टोपी गेली, असे सांगितले जाते, पण ती त्याआधीच उतरणीला लागली होती आणि त्या दिवशी केनेडींनी उंच हॅट सोबत आणलीही होती. असो. तिकडे टोपी होती, गेली आणि आता परत आली. त्यांच्या दृष्टीने ‘परत’ हा शब्द बरोबर आहे.

आपल्याकडे काय होते? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी ४ जानेवारी १९२८ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली एक बातमी दिली आहे. इंदूर संस्थानातील कनारिया, बिचोली हफ्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या सुमारे पंधरा गावांतल्या कलोता, राजपूत, ब्राह्मण, पाटील-पटवारी यांनी बलाई या अस्पृश्य समाजाला नियम घालून दिले. गावात राहायचे असेल तर हे पाळा, नाहीतर गाव सोडा. बलाईंनी सवर्णांच्या मर्तिकाची खबर कितीही लांब असली तरी पोचवायची, लग्नात वाजवायचे, बायकांनी बाळंतपणे करायची, दागिने घालायचे नाहीत, मजुरी मागायची नाही, देतील ते घ्यायचे. हे सगळे त्या यादीत आहे. पण यादीतला पहिला नियम कोणता? बलाईंनी जरीच्या काठाची पगडी घालायची नाही.

पहिला नियम! वेठबिगारीच्या आधी, मजुरीच्या आधी पगडीचा काठ. वेठबिगारी ज्यांच्या पोटापाण्याचा भाग होती, त्या गावकारभाऱ्यांना पगडीच्या चार बोटे जरीची एवढी भीती का वाटावी? कारण त्यांना पक्के ठाऊक होते की ज्याच्या डोक्यावर जर चढली तो उद्या मजुरी मागेल. आपल्यातले जे लोक पोशाखाला क्षुल्लक समजतात, त्यांच्यापेक्षा त्या पाटील-पटवाऱ्यांना पोशाखाचे राजकारण जास्त कळत होते, असेच म्हणावे लागेल. बलाईंनी हे नियम मानले नाहीत. मग विहिरी बंद झाल्या, गुरे चारणे बंद झाले, स्वतःच्या शेताकडे जाण्याच्या वाटा अडवल्या गेल्या. दरबारात दाद मागितली, ती मिळाली नाही. शेकडो बलाई कुटुंबे बायकामुलांसह धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेरकडे निघून गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सुटली आणि भांडणाची सुरुवात कुठून झाली, तर पगडीवरून.

आता याच्या उलट टोकाची एक घटना. ती स्वतः बाबासाहेबांच्या आयुष्यातली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये त्यांनी १९०१ सालच्या प्रवासाची हकिकत लिहिली आहे. वडील रामजी सुभेदार तेव्हा कोरेगाव परिसरात खजिनदाराच्या नोकरीवर होते. त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावले. साताऱ्याहून भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले निघाली. प्रवासासाठी खास कपडे शिवले होते: नवे इंग्रजी धाटणीचे सदरे, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे आणि डोक्यावर चमचमत्या नक्षीच्या टोप्या. पोरांचा तो पहिलाच मोठा आगगाडीचा प्रवास होता. मसूर स्टेशनावर उतरले तर न्यायला कोणी आलेले नाही. निरोप पोचलाच नव्हता. स्टेशन मास्तर जवळ आला, आपुलकीने विचारपूस करू लागला. कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ही मुले ब्राह्मणांची असावीत, अशी त्याची खात्री होती. मग रिवाजाप्रमाणे त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलाने सरळ सांगितले, आम्ही महार. मास्तरचा चेहराच पालटला. तो मागे सरला आणि खोलीत निघून गेला. पुढे गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे द्यायची तयारी दाखवावी लागली, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले, आणि रात्रभर पाणी मिळाले नाही. डोक्यावरची टोपी तीच होती. तिचा उपयोग ‘तुम्ही कोण’ या प्रश्नापर्यंतच झाला.

मसूर आणि इंदूर या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. एकटे मसूर वाचले तर वाटेल, कपडे बदलून काय होते, जात तर जात नाही. एकटे इंदूर वाचले तर वाटेल, पगडी चढवली की झाली क्रांती. खरी गोष्ट अशी की टोपीने जात जात नाही, पण जातीला टोपी सहनही होत नाही. आजही राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून दरवर्षी बातम्या येतात. नवरदेव घोड्यावर बसला, साफा बांधला, म्हणून वरातीवर दगडफेक झाली, पोलिस बंदोबस्तात वरात काढावी लागली. ज्यांना हे ‘जुने झाले’ असे वाटते, त्यांनी लग्नसराईत वर्तमानपत्र जरा नीट वाचावे.

बाबासाहेबांनी यातून काय धडा घेतला, ते महाडला दिसते. डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृती दहनाच्या त्या परिषदेत, त्यांनी स्त्रियांना वेगळे बोलावून सांगितले की ज्या पेहरावावरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, तो टाकून द्या. गुडघ्यापर्यंतचे लुगडे, हातापायांतले कथलाचे आणि चांदीचे जड दागिने यांचा त्यात उल्लेख होता. आणि स्त्रियांनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली. हा सौंदर्याचा सल्ला नव्हता. अंगावरच्या खुणा आपल्या आवडीने आलेल्या नाहीत, त्या लादलेल्या आहेत, हे ओळखण्याचा तो सल्ला होता.

बायकांच्या डोक्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. फॅशनवाले ‘स्त्रियांच्या हॅट’ विषयी लिहितात तेव्हा मला चुंबळ आठवते. आमच्या आज्यांच्या, आयांच्या डोक्यावर शोभेचे काही नव्हते. फडक्याची चुंबळ होती आणि तिच्यावर पाटी, घागर, सरपणाची मोळी. काही समाजांतल्या बायकांच्या डोक्यावर त्याहून वाईट ओझे होते. ‘डोक्यावरून मैला वाहून नेण्याची प्रथा’ हे शब्द आपण इतके सहज उच्चारतो की त्यातला ‘डोक्यावरून’ हा शब्द ऐकू येईनासा झाला आहे. ही प्रथा बंद करण्यासाठी १९९३ मध्ये कायदा करावा लागला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा. ज्या डोक्यावर काय ठेवायचे ते हजार वर्षे दुसऱ्यांनी ठरवले, त्या डोक्यावर एखादी मुलगी स्वतःच्या पैशाने पिवळी बकेट हॅट घालते, तेव्हा कोणी तिला नटवी म्हणू नये, एवढी माझी विनंती आहे.

आता बाबासाहेबांच्या हॅटकडे येऊ. सूट आणि डोक्यावर फेल्ट हॅट असलेले त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पुतळ्यांमध्ये मात्र ही हॅट सहसा नसते. त्या काळी या पोशाखावरून त्यांना ‘साहेब’ म्हणून हिणवले गेले. मराठीत युरोपियनांसाठी ‘टोपीकर’ हा शब्द शिवकाळापासून आहे, आज्ञापत्रात तो येतो. म्हणजे हॅट घालणारा तो परका, असा अर्थ भाषेतच बसलेला. दुसरीकडे पांढरी गांधी टोपी म्हणजे देशभक्ती. असहकाराच्या काळात ती घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्या, हे खरे आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. माझ्या आजोबांच्या डोक्यावरही पांढरी टोपीच होती, गावात सगळ्यांच्याच होती. पण गंमत अशी की खुद्द गांधीजींनी ती टोपी फार थोडा काळ वापरली. १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी पंचा स्वीकारला आणि पुढे आयुष्यभर ते बहुतेक बोडक्यानेच वावरले. ज्याला सगळे घालायची मुभा आहे, त्याने काढून ठेवले की त्याला त्याग म्हणतात. ज्याला काहीच घालायची मुभा नव्हती, त्याने घातले की त्याला नक्कल म्हणतात. बाबासाहेबांच्या हॅटवर टीका करणाऱ्यांच्या हे कधी लक्षात आले नाही, की लक्षात येऊनही त्यांनी तसे दाखवले नाही, कोण जाणे.

महात्मा फुल्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला होता. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानाच्या समारंभाला शहरातली बडी मंडळी भरजरी पोशाखात आली होती. जोतिराव गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात, आणि पाहुण्याला सांगितले की खरा हिंदुस्थान या दागिन्यांत नाही, खेड्यांत आहे. फुल्यांनी शेतकऱ्याचा वेश पांघरला, बाबासाहेबांनी हॅट घातली. दोघांनीही निवड स्वतः केली. म्हणून ‘फुल्यांसारखे राहा, साहेबी थाट कशाला’ असे आपल्या पोरांना सुनावणाऱ्यांचे ऐकून घ्यायचे कारण नाही.

पुण्याचा उल्लेख आला म्हणून पगडीविषयी. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सत्काराला ती घालायची प्रथा इतकी रुळली की ती कोणाची ओळख आहे, हे विचारणेच उद्धटपणाचे ठरू लागले. २०१८ मध्ये शरद पवारांनी आपल्या पक्षाच्या कार्यक्रमांत यापुढे फुले पगडी वापरायला सांगितली तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्यानंतर पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभातही पगडीचा वाद पेटला, आणि त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे. पवारांच्या हेतूबद्दल ज्याला शंका घ्यायची त्याने घ्यावी. पण दोन पगड्यांवरून राज्यभर चर्चा झडते, याचा अर्थ पगडी नुसते कापड नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

आपल्यासारखाच अनुभव अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा आहे. १७८६ मध्ये लुइझियानात स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने हुकूम काढला की मुक्त कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस उघडे ठेवायचे नाहीत, डोक्याला रुमाल बांधायचा. त्या गोऱ्या बायकांपेक्षा देखण्या दिसतात, हीच तक्रार होती. त्या बायकांनी हुकूम पाळला, पण रंगीबेरंगी उंची कापडाचे रुमाल अशा डौलाने बांधले की कमीपणाची खूणच मिरवण्याची वस्तू झाली. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला, त्यांच्या डोक्यावर काळी बेरे टोपी होती. त्याच पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्मली. पुढे १९९२ च्या ‘माल्कम एक्स’ चित्रपटाच्या सुमारास ‘एक्स’ अक्षराची टोपी अमेरिकेत घराघरांत पोचली. आज आपली मुले जी बकेट हॅट आणि उलटी कॅप घालतात, तीही मोठ्या प्रमाणात तिथल्या काळ्या तरुणांच्या हिप-हॉपमधून जगभर पसरली आहे. दुकानदार हे सांगत नाही. आपण आपल्या पोरांना सांगायला काय हरकत आहे?

एक सावधगिरी मात्र हवी. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे, आणि ‘टोपी फिरवणे’ म्हणजे पक्ष बदलणे. २०११ मध्ये ‘मी अण्णा’ लिहिलेल्या टोप्या लाखोंनी वाटल्या गेल्या, नंतर त्याच टोपीवरचे अक्षर बदलून पक्ष उभे राहिले. आता प्रत्येक पक्षाचा टोपीचा रंग आहे आणि निवडणुकीत त्या फुकट मिळतात. सभेला गर्दी हवी असली की आपल्याच वस्तीत ट्रक येतो आणि टोप्यांचा गठ्ठा उतरतो. अशी टोपी घालून जो पोरगा ट्रकमध्ये चढतो, त्याच्या डोक्याचा मालक त्या दिवसापुरता दुसराच कोणी असतो. इंदूरच्या पाटलाने पगडी काढायला लावली, हा टोपी घालायला लावतो.

टोपीवरचा अभिमान कसा असतो, हे बघायचे तर महार रेजिमेंटकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात उभी केलेली पलटणही युद्धानंतर मोडली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या जवानांच्या टोपीवरच्या बिल्ल्यात भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे बिल्ला बदलला, पण आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त सुभेदाराने जुना बिल्ला आजही कपाटात जपून ठेवला आहे.

चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या आधी हेच काका समाजमंदिराच्या ओट्यावर बसून निळे फेटे बांधून देतात. पाच-सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा मुली रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा एक गृहस्थ कुरकुरले, “बाईमाणसाने फेटा बांधायचा असतो काय?” काकांनी वर न बघता विचारले, “कुठं लिहिलंय?” आणि पुढचा पदर खोचला. यंदा रांग इतकी वाढली की त्यांचे हात दुखायला लागले. मग त्यांनी दोन मुलींनाच बांधायला शिकवले, आणि दुपारपासून फेटे त्या दोघींनीच बांधले, पोरांचेसुद्धा.