वर्कफ्लोची खुली इंजिने

एखादे काम कोणाकडून कोणाकडे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटीवर जावे हे ठरवून ते पुढे सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरला वर्कफ्लो इंजिन म्हणतात. कर्जाचा अर्ज, खरेदीची मागणी, विम्याचा दावा अशी कामे अनेक टेबलांवरून फिरतात. ती कोठे अडली आणि किती दिवस पडून आहेत, याची नोंद हे इंजिन ठेवते. या क्षेत्रात ओपन सोर्स इंजिनांनी पाव शतकात भक्कम स्थान मिळवले, ते मुख्यतः दोन गोष्टींच्या बळावर : आकृत्यांचे सर्वमान्य प्रमाण आणि खुले परवाने.

या विद्येचा गणिती पाया जर्मन गणितज्ञ कार्ल आडाम पेट्री यांच्या 1962 सालच्या प्रबंधात आहे. एकाच वेळी चालणाऱ्या आणि एकमेकींसाठी थांबणाऱ्या घडामोडी कशा मांडाव्यात, हे पुढे ‘पेट्री नेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आकृत्यांनी दाखवले. 1970च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात क्लॅरेन्स एलिस यांच्या गटाने, तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायकेल झिस्मन यांनी कचेरीतील कामकाज संगणकावर आणण्याचे प्रयोग केले. पुढच्या दशकात फाइलनेटसारख्या कंपन्यांनी कागद स्कॅन करून पडद्यावरून फिरवणाऱ्या प्रणाली विकायला सुरुवात केली. 1993 मध्ये या उद्योगाने प्रमाणीकरणासाठी संघटना स्थापन केली खरी. पण प्रत्येक उत्पादनाची मांडणी निराळीच राहिली. विक्रेता बदलायचा, तर साऱ्या प्रक्रिया नव्याने बसवाव्या लागत.

याच काळात ओपन सोर्स प्रयत्न सुरू झाले. फ्रान्सच्या इन्रिया या राष्ट्रीय संशोधन संस्थेत 2001 मध्ये ‘बोनिता’चा जन्म झाला. बेल्जियमचे टॉम बायेन्स यांनी जावा भाषेत लिहिलेला ‘जेबीपीएम’ 2004 मध्ये जेबॉस कंपनीच्या छत्राखाली आला, आणि 2006 मध्ये जेबॉससह रेड हॅट या कंपनीकडे गेला.

प्रक्रियेच्या आकृत्यांचे प्रमाणही तेव्हाच आकार घेत होते. ‘बीपीएमएन’ या आरेखनपद्धतीची पहिली आवृत्ती 2004 मध्ये आली. मात्र ती फक्त चित्रापुरती होती. जानेवारी 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीने त्याच आकृतीला संगणकाने चालवण्याजोगे रूप दिले. खरेदीच्या मागणीचे उदाहरण घेतले, तर बारीक रेषेचे वर्तुळ ही सुरुवात, गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे विभागप्रमुखांची मंजुरी, तिरका चौकोन म्हणजे ‘रक्कम मर्यादेबाहेर आहे का?’ हा निर्णय, आणि जाड वर्तुळ हा शेवट. इंजिन मंजुरीच्या टप्प्यावर पोहोचले की सारी स्थिती डेटाबेसमध्ये लिहून थांबते. विभागप्रमुखांनी चार दिवसांनी ‘मंजूर’चे बटण दाबले, तरी तीच नोंद वाचून काम पुढे सुरू होते. मधल्या काळात सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तरी काही बिघडत नाही.

हे प्रमाण आकाराला येत असतानाच, 2010 मध्ये, बायेन्स आणि योराम बारेझ रेड हॅट सोडून अल्फ्रेस्को या कंपनीत गेले आणि त्यांनी ‘ॲक्टिव्हिटी’ हे नवे इंजिन अपाची या खुल्या परवान्याखाली सुरू केले. जेबीपीएमच्या चार आवृत्त्यांचा अनुभव पाठीशी असल्याने त्याचे क्रमांक पाचापासून धरले गेले. बर्लिनची कॅमुंडा ही सल्लागार कंपनी त्यात योगदान देत होती. 2013 मध्ये तिने त्या कोडवरून स्वतःची वेगळी शाखा काढली. 2016 मध्ये ॲक्टिव्हिटीच्या प्रमुख रचनाकारांनी बाहेर पडून ‘फ्लोएबल’ उभे केले. कॅमुंडाच्या सातव्या पिढीतील डेटाबेस टेबलांची नावे ‘एसीटी’ या तीन अक्षरांनी सुरू होतात. ॲक्टिव्हिटीशी असलेले नाते त्यातून उघड दिसते.

या वंशावळीबाहेरही काम चालू होते. मुंबईत फ्रॅपे कंपनीने रुषभ मेहता यांच्या पुढाकाराने विकसित केलेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्त व्यवसाय प्रणालीत दस्तऐवजाच्या अवस्था आणि प्रत्येक बदलाचा अधिकार कोणत्या पदाला, हे कोड न लिहिता ठरवता येते. 2019 मध्ये बर्लिनमध्ये यान ओबरहाउझर यांनी ‘एनएटएन’ आणले. वेगवेगळ्या ऑनलाइन सेवा एकमेकींना जोडणारे हे साधन लोकप्रिय झाले. त्याचा कोड सर्वांना पाहता येतो. पण परवाना व्यावसायिक वापरावर मर्यादा घालतो, म्हणून रूढ व्याख्येनुसार ते ओपन सोर्स ठरत नाही.

परवान्याचा हा प्रश्न कॅमुंडातही उभा राहिला. 2022 मध्ये आलेली आठवी पिढी निराळ्या इंजिनावर आणि निराळ्या अटींवर उभी आहे. 2024च्या अखेरच्या आवृत्तीपासून प्रत्यक्ष कामकाजात ती वापरण्यासाठी सशुल्क परवाना लागतो. सातव्या पिढीचा कोड मात्र अपाची परवान्याखाली आधीच खुला झालेला होता, त्यामुळे तो परत घेता येणे शक्य नव्हते. त्याच कोडवरून ‘ऑपेरॅटन’सारख्या नव्या शाखा निघाल्या, आणि त्यावर उभारलेल्या प्रक्रिया टाकून देण्याची वेळ वापरकर्त्यांवर आली नाही.

कंपन्या विकल्या जातात, त्यांची धोरणे बदलतात, रचनाकार संस्था सोडून जातात. या क्षेत्रात हे सारे वारंवार घडले आहे. तरीही काम अखंड चालू राहिले, कारण कोड खुला होता आणि आकृत्यांचे प्रमाण समान होते. म्हणून कोणत्याही संस्थेने वर्कफ्लो इंजिन निवडताना त्याच्या सोयींइतकाच त्याचा परवानाही बारकाईने वाचावा.